डायोडची सुई तुमची होती, आई

आई,

तुम्ही गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. अजूनही दारावरची बेल वाजली की निम्म्या वेळा कोणी ना कोणी बाई आपलं ब्लाउजपीस परत न्यायला आलेली असते. तुमच्या पिशव्या मी नावानिशी लावून ठेवल्यात. काही कापून झालेल्या, काहींवर नुसत्या खडूच्या खुणा, एकीच्या फक्त बाह्या लावायच्या राहिल्यात. कोणी कापड हातात घेऊन रडतं, कोणी आधी मापाची चिठ्ठी शोधतं आणि ती सापडल्यावर रडतं. मी चहा टाकते. सासूच्या जाण्याचं दुःख सून किती करते याचा अंदाज घेत त्या चोरून माझ्याकडे बघतात, तेही मला दिसतं. तुम्ही असतात तर दार लागल्या लागल्या एकेकीची नक्कल करून दाखवली असतीत.

परवा मागच्या गल्लीतल्या नाईकबाई आल्या होत्या. पिशवी घेतली, उठल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "तुमचं फार कौतुक करायच्या हो त्या. माप घेताना तोंड चालूच असायचं ना. म्हणायच्या, माझी सून सुईवरून वीज शिकवते. बाकीच्या मास्तरांना पण तिनंच शिकवलं म्हणे."

मी "हो का?" म्हटलं आणि गॅस बारीक करायला आत पळाले. गॅस मघाशीच बंद केलेला होता.

हे तुम्ही काय करून ठेवलंत, आई? ती सुई तुमची होती. आठ वर्षं मी ती माझी म्हणून वर्गात वापरली. तुम्हाला ते माहीत होतं, आणि मला वाटायचं तुम्ही मनात धरून बसला आहात. इकडे तुम्ही टेप गळ्यात टाकून डोंबिवलीतल्या बायकांना ती माझीच म्हणून सांगत होतात. मला तुमच्याशी यावर एकदा बोलायचं होतं. कबूल करायचं होतं, खरं तर. ते राहिलं. म्हणून आता लिहायला बसलेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण चोरीही चारचौघांत केली होती.

तुमच्या गुडघ्यांनी संप पुकारला ते वर्ष आठवतंय? दिवसाला पाच ब्लाउज करणाऱ्या तुम्ही, आठवड्याला पाचवर आलात. दुपारी काही करायला नसायचं म्हणून तुम्ही माझ्या कपाटाची घडी बदलायला लागलात, आणि घरात युद्ध व्हायची वेळ आली. मी शिकवते त्या ठाण्याच्या तांत्रिक संस्थेतून वर्गात लावायचे तक्ते घरी आणायचे. एकदा तुम्ही त्यातला एक जेवणाच्या टेबलावर पसरलात.

"ही कसली नक्षी गं?"

"नक्षी नाही आई. सर्किट डायग्राम आहे. कुठला भाग कुठे जोडायचा ते यात असतं."

"म्हणजे खाकाच की. आम्ही ब्लाउजचा कागदावर काढतो तसा."

"हो. तसंच."

"मग मला वाचता आला पाहिजे. शिकव."

मी हसले. तुमचा मुलगाही हसला. अजितला वाटलं दोन दिवसांचं खूळ आहे, मला वाटलं एका दिवसाचं. पण तुम्ही चष्मा पुसून बसलात. रेझिस्टरची वाकडीतिकडी रेघ तुम्ही बघता क्षणी पास केलीत, "हा झिगझॅग टाका" म्हणून. कपॅसिटरच्या दोन समांतर रेघा म्हणजे "दोन टिपा, मध्ये जागा सोडून". स्विच तर म्हणालात शेंबडं पोरही ओळखेल. मी खूश. मग आपण डायोडवर आलो आणि गाडी रुतली.

ज्यांनी हे चिन्ह पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक त्रिकोण असतो, बाणाच्या टोकासारखा. त्याच्या टोकाला चिकटून एक आडवी रेघ. बस, एवढंच. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचं हे चित्र. बाण दाखवतो त्या दिशेने ती जाते, उलट दिशेने येऊ लागली तर अडते.

"हा बाण कुठं निघालाय?" तुम्ही विचारलंत.

"या बाजूला."

"आणि समोर ही भिंत?"

"भिंत नाही ती. कॅथोड म्हणतात."

"नाव काय वाटेल ते ठेवा. बाणासमोर आडवं घातलं म्हणजे रस्ता बंद. आपल्या गल्लीत गटाराचं काम काढलंय तिथं बांबू लावलाय ना, तस्सं."

"उलटं आहे आई. बाण जातो त्याच बाजूला करंट जातो. पलीकडून येणाऱ्याला ते अडवतं."

"मग हे चित्र चुकलंय."

"अख्ख्या जगात हेच काढतात."

"अख्खं जग चुकलंय."

मी चिडले. सोळा वर्षं मी हे शिकवत होते, आणि मला कधी रेघ भिंतीसारखी दिसलीच नव्हती. किंवा पहिल्या वर्षी दिसली असेल आणि मग मी बघायचं सोडून दिलं असेल. दर बॅचला निम्मी मुलं परीक्षेत हे चिन्ह उलटं काढायची आणि मी त्यांना दहा-दहा वेळा काढायला लावायचे. तुम्हालाही तेच म्हटलं, "पाठ करायचं असतं हे. दहा वेळा काढा, बसेल डोक्यात."

"पाठ करून कधी कोणाच्या अंगाला ब्लाउज बसलाय?" तुम्ही म्हणालात आणि तक्ता गुंडाळून माझ्या हातात दिलात. पुढचे आठ दिवस डायोडचं नाव काढलं नाहीत, फक्त गटाराच्या त्या बांबूजवळून जाताना माझ्याकडे मुद्दाम बघायचात.

मग तो रविवार आला. तुम्ही माझ्या जांभळ्या साडीला फॉल लावत बसला होतात, मी पलंगावर पेपर वाचत पडले होते. एकदम तुमचा आवाज आला, "मेघा, इकडं ये. आत्ता ये." मला वाटलं सुई बोटात गेली. धावत आले तर तुम्ही सुई कापडाला नुसती टेकवून बसलेल्या. आत घालत नव्हतात, बाहेर काढत नव्हतात.

"बघ. हे काय आहे?"

"सुई."

"नीट बघ. टोक आहे. आणि टोकापुढं काय?"

"कापड."

"आडवी रेघ. झालं का तुझं ते डायोड? ती भिंत नाही गं, कापड आहे. सुई टोकाकडनं आत जाते. आता नेढ्याकडनं ढकल बघू, जाते का."

मी खरंच ढकलून बघितली. नाही गेली.

मी खाली बसले, जमिनीवरच. डोक्यात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. म्हटलं, "पण आई, सरळ दिशेनेसुद्धा तो लगेच जाऊ देत नाही. आधी थोडा दाब लागतो. पाऊण व्होल्टाच्या आसपास. त्याहून कमी असेल तर काहीच जात नाही."

"मग लागणारच. कापडात शिरताना आधी दाबावीच लागते. शिरली की सुळकन जाते."

"आणि उलट्या बाजूने फार जोर लावला तर?"

"जाईल की. पण कापड फाटेल."

तेच होतं, आई. अगदी तेच होतं. मर्यादेबाहेर उलटा दाब दिला की डायोड कामातून जातो. हे मी मुलांना आलेख काढून सांगायचे आणि त्यांच्या डोळ्यांवर झापड आलेली मला दिसायची. मी उठून पुस्तक आणलं आणि झेनर डायोडचं पान काढलं. झेनर हा यातलाच एक भाऊ, पण ठरावीक दाबानंतर उलट्या दिशेनेही वीज जाऊ देणारा, आणि तरी न बिघडणारा. त्याच्या चिन्हात आडव्या रेघेची दोन्ही टोकं वळवलेली असतात. मी काही न सांगता फक्त चित्र पुढे केलं.

"याच्या रेघेची टोकं वळलीत," तुम्ही म्हणालात.

"हा उलटा पण चालतो. आणि फाटत नाही."

"कसा फाटेल? कड दुमडून शिवलीय."

माझ्या अंगावर काटा आला होता. तुम्हाला तो दाखवायला मी हात पुढे केला तर तुम्ही म्हणालात, "पंखा बारीक कर मग." मी म्हटलं, ज्यांनी हे चिन्ह ठरवलं त्यांच्या मनात सुई नव्हती हो आई. तुमचं उत्तर तयार होतं, "त्यांच्या घरात कोणी शिवणारं नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मी फळ्यावर सुई आणि कापड काढलं. पुढच्या बाकावरच्यांनी माना वर केल्या, मग मागच्यांनी. फाटण्यापर्यंत आले तेव्हा एक मुलगा स्वतःहून ओरडला, "मॅडम, मग झेनरला शिलाई मारलीय!" इतक्या वर्षांत डायोडच्या तासाला कोणी ओरडलं नव्हतं. मुलांनी विचारलं, मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, "पुस्तकात नाही. मला सुचलं."

इथे थांबून सांगायला हवं की मी तसं का म्हटलं. घाईत तोंडातून गेलं, असं लिहिता येईल, पण ते खोटं आहे. माझ्या डोक्यात स्टाफरूम होती. तिथले बाकीचे सगळे इंजिनिअर, मी एकटी डिप्लोमावाली. डायोड मला सातवीपर्यंत शिकलेल्या, ब्लाउज शिवणाऱ्या सासूने समजावला, हे तिथे पोहोचलं असतं तर चहाच्या वेळी त्याचा विनोद झाला असता. मला तो विनोद नको होता. मला लाज वाटली, आई. तुमची वाटली. हे वाक्य लिहायला मला आत्ता पाऊण तास लागला.

पुढे ते वाढतच गेलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी तास बघितला आणि प्राचार्यांनी मला बाकीच्या संस्थांतल्या शिक्षकांसमोर तो परत घ्यायला लावला. चाळीस जणांपुढे मी फळ्यावर कापड काढलं. टाळ्या झाल्या. गुच्छ मिळाला, तो मी घरी आणला आणि तुम्ही पाण्यात ठेवलात. "कशाबद्दल गं?" विचारलंत. मी म्हटलं, "ट्रेनिंग होतं." त्या दिवशी सांगणं सोपं होतं. नंतर दर वर्षी ते थोडं थोडं अवघड होत गेलं.

तुम्ही मात्र तिथे थांबला नव्हतात. खाका वाचता येतो म्हटल्यावर शिवून बघायलाच हवं होतं. मोतीबिंदूमुळे मशीनवर सुई ओवताना त्रास व्हायचा, म्हणून मशीनसाठी दिवा करायचा ठरला. सामान घ्यायला आपण नौपाड्यात गेलो होतो, त्याची आठवण झाली की मला अजून हसू येतं. तुम्ही काउंटरवर पर्स ठेवून दुकानदाराला म्हणालात, "डायोड दाखवा. चांगल्यातले." बटणं दाखवतात तसा तो पुठ्ठ्यावर लावलेले दाखवेल अशी तुमची अपेक्षा होती. त्याने चार काळे ठिपके तळहातावर ठेवले. तुम्ही उजेडात धरून बघितलेत. अंगठ्याच्या नखाएवढाही नाही असा काळा देह, एका टोकाला चंदेरी पट्टा. "काळे मणीच आहेत हे," तुम्ही म्हणालात. "आणि ही पट्टी म्हणजे कापडाची बाजू, होय ना?" दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्याला काय कळणार? "यांना सहा द्या," मी म्हटलं, "दोन जास्तीचे." घरी येताना तुम्ही ते पिनांच्या उशीत टोचून ठेवलेत.

आणि मग तो स्फोट. ट्रान्सफॉर्मरची जोडणी मी करून दिली होती, पुढचं डायोडचं काम तुमचं. मी जर्नल तपासत होते म्हणून तुमचं काम बघायला आले नाही, हे आधी नोंदवते. तुम्ही बटण दाबलंत, दोन-चार सेकंद गेले आणि फाट्ट. कपॅसिटरचं डोकं उडून कॅलेंडरला लागलं. खोलीभर धूर. अजित अंघोळीहून तसाच बाहेर आला.

बोर्ड उलटा केला तर चारही डायोड उलटे, म्हणजे कपॅसिटरला वीज उलट्या बाजूने गेलेली. एकही चुकून सरळ नाही. तुम्हाला खाका येत नव्हता म्हणून नव्हे, फार चांगला येत होता म्हणून. कापडावर खुणा नेहमी उलट्या बाजूला करायच्या असतात. सुलट्या बाजूला खडू लागला की गिऱ्हाईक ओरडतं. त्यामुळे कागदावर काढलेलं सगळं उलट्या बाजूचंच, हे तुमच्या हातात पन्नास वर्षं मुरलेलं. तुम्ही बोर्डाच्या वरच्या बाजूने डायोड बसवताना मनातल्या मनात एकेक पलटवलात. माझा एकही विद्यार्थी ही चूक करणार नाही. ती करायला हाताखालून काही हजार ब्लाउज जायला हवेत.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी काय म्हटलं ते आपल्या दोघींनाही पाठ होतं. "आई, हा ब्लाउज नाहीये, चुकला की उसवायला. तुम्हाला नाही झेपायचं हे. सोडा."

तुम्ही कॅलेंडर सरळ केलंत आणि स्वयंपाकघरात गेलात. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होतात. तिसऱ्या दिवशी मी ठाण्याहून आले तेव्हा मशीनवर दिवा लागलेला होता. तुम्ही चारही डायोड उसवले होतेत, सुलटे बसवले होतेत, कपॅसिटर माझ्या डब्यातून घेतला होतात, आणि त्याच उजेडात नाईकबाईंच्या ब्लाउजच्या गळ्याला पायपिन लावत होतात. मी दारात उभी राहिले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उसवतं गं. सगळं उसवतं." तेव्हाही मी सॉरी म्हटलं नाही. मी म्हटलं, "चहा टाकू?" तुम्ही म्हणालात, "टाक." आपल्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच मिटायच्या.

एक भांडण मात्र मिटलं नाही. कधीतरी माझ्याकडून बोलण्यात आलं की तारेतून खरे जातात ते इलेक्ट्रॉन, आणि ते बाणाच्या बरोबर उलट्या दिशेने जातात. लोकांनी आधी दिशा ठरवली, इलेक्ट्रॉन नंतर सापडले, तोवर सगळीकडे बाण छापून झाले होते. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"म्हणजे बाण खोटा?"

"खोटा नाही. ठरलाय तसा."

"चूक कळली आणि तरी तसंच ठेवलं?"

"हिशेब बरोबर येतो ना आई. काही अडत नाही."

"आमच्याकडं माप चुकलं की उसवतात. ठरलंय म्हणत नाहीत."

यावर आपण किती वेळा भांडलो असू? कळव्याला माझ्या मावशीकडे जेवायला गेलो होतो, तिथेही तुम्ही वाटीतल्या आमटीत चमचा फिरवत तो विषय काढलात. मावशीला वाटलं आपल्यात खरंच काहीतरी बिनसलंय. आपण निघताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं. मला अजूनही तुमचं म्हणणं पटत नाही, आई. सगळी पुस्तकं परत छापता येत नाहीत. पण तुम्ही असतात तर आज हरायला तयार झाले असते.

आता संस्थेचं प्रदर्शन. ते टाळता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलांनी प्रयोगांचं प्रदर्शन भरवलं आणि तुम्ही येतेच म्हणालात. नवी नारायणपेठ नेसलात. मी तुम्हाला दारात सोडून पाहुण्यांच्या मागे गेले. परत आले तेव्हा तुम्ही डायोडच्या टेबलापुढे उभ्या होतात आणि माझी एक विद्यार्थिनी हातात गोधडीची मोठी सुई घेऊन तुम्हाला समजावत होती. "आजी, घाबरू नका, एकदम सोप्पंय. ही सुई आहे ना, आणि हे कापड..."

मी दोन पावलं मागे थांबले. पळून जायलाही जमेना.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. शिरतानाचा दाब, फाटणं, दुमडलेली कड. मधे मधे मान डोलवलीत. मग विचारलंत, "छान सांगतेस गं. हे कोणी शिकवलं तुला?"

"मेघा मॅडमनी. त्यांचीच आयडिया आहे आजी. बाकी कॉलेजवाले पण आता असंच शिकवतात."

"हो का? हुशार आहे हो तुमची मॅडम," तुम्ही म्हणालात.

एवढंच. मग तुम्ही वळलात, मला बघितलंत आणि म्हणालात, "पाय दुखायला लागले. कुठं बसू?" रिक्षात घरी येईपर्यंत तुम्ही कॅन्टीनच्या बटाटेवड्यात मीठ कमी होतं यावर बोललात. मी टोमण्याची वाट बघत होते. तुमची कात्री नेऊन परत न करणाऱ्या बाईला तुम्ही वीस वर्षांनी ऐकवलेलं मला माहीत होतं. तुम्ही एक टोमणा मारला असतात तर मी तिथेच रडून मोकळी झाले असते. तुम्ही नाही मारलात. त्या रात्री नाही, नंतरही नाही. मी ते मनात धरणं समजले. इतकी वर्षं एका घरात राहून मला तुम्ही एवढ्याच कळलात.

हॉस्पिटलमध्ये आठ दिवस होतात. न्यूमोनिया उतरेल असंच डॉक्टर म्हणत होते. पाचव्या दिवशी दुपारी अजित घरी गेला होता, आपण दोघीच. तुम्ही उशाजवळच्या मॉनिटरकडे बघत होतात. मास्क बाजूला करून म्हणालात, "यात पण सुया असतील ना गं?"

"खूप असतील आई. आतल्या चिपमध्ये तर मोजता येणार नाहीत इतक्या."

"आणि हे हिरवे दिवे?"

"ते पण डायोडच. उजेड देणारे."

"माहितेय. खाक्यात त्यांना बाहेर जाणारे दोन बाण असतात," तुम्ही म्हणालात आणि दमलात.

मी तुमचा हात धरला. सांगायचंच ठरवलं होतं. "आई, मला तुम्हाला एक..." इथपर्यंत म्हटलंसुद्धा. तेवढ्यात सिस्टर रक्त घ्यायला आली. तिला शीर सापडेना, तुम्ही कळवळलात, मी तिच्यावर ओरडले. ती गेल्यावर तुमचा डोळा लागला होता. म्हटलं, उठवायला नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्हाला वरच्या मजल्यावर आयसीयूत हलवलं आणि मग बोलणं असं झालंच नाही.

परवा नाईकबाई पिशवी घेऊन गेल्या, काल मी कामावर रुजू झाले. टाइमटेबल बघितलं तर नव्या बॅचचा डायोडचा तास माझीच वाट बघत थांबलेला. कोणीतरी दुसऱ्याने घेतला असता तर बरं, असं जिना चढताना दहा वेळा वाटलं.

फळ्यावर त्रिकोण काढला, आडवी रेघ काढली. नेहमीसारखं विचारलं, काय दिसतंय? मागून एकजण म्हणाला, "मॅडम, बाण भिंतीवर आपटलाय." सगळे हसले. मी पाठमोरी होते, ते बरं झालं.

मग सुई सांगितली. सगळी, शेवटच्या दुमडलेल्या कडेपर्यंत. आणि म्हटलं, "हे माझं नाही. आठ वर्षं मी माझं म्हणून सांगत आले, ते खोटं होतं. हे माझ्या सासूबाईंनी शोधलं. मी त्यांना शिकवायला बसले होते आणि त्यांनी मला शिकवलं."

पहिल्या बाकावर श्रद्धा म्हणून एक मुलगी आहे, तिने विचारलं, "मॅडम, त्या पण टीचर होत्या?"

"नाही. डोंबिवलीत ब्लाउज शिवायच्या."

मी हसण्याची वाट बघत होते. तोच तो स्टाफरूममधला विनोद, ज्याला मी आठ वर्षं भ्यायले. कोणी हसलं नाही. एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "भारी ना यार." श्रद्धाने पेन उघडलं. आमच्याकडे जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या खाली संदर्भ लिहावा लागतो. हे ज्ञान कुठून घेतलं, कोणाचं, ते. बहुतेक वेळा पुस्तकाचं नाव असतं.

"मग संदर्भात त्यांचंच नाव लिहायला पाहिजे ना मॅडम? पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. अक्षर अक्षर सुटं करून, फळ्यावरही लिहिलं.

ती सव्वीस जर्नलं आत्ता माझ्यासमोर आहेत, तुमच्या मशीनवर. तपासायला घरी आणलीत. निम्म्या जणांनी बाणाची रेघ पट्टीने काढलेली नाही आणि तिघांनी झेनर उलटा काढलाय, त्यांना लाल शेरा मारलाय. पण खाली प्रत्येकाच्या वहीत, पुस्तकाच्या नावाच्या जागी, सव्वीस वेगवेगळ्या अक्षरांत एकच ओळ आहे: कुमुद यशवंत परब, शिवणकाम, डोंबिवली पूर्व.

प्रत्येक ओळ वाचली, आई, आणि प्रत्येकीखाली सही केली.